शिदोरी आणि पाणी

गेल्या दिवाळीत आमच्याकडे सगळे जमले होते तेव्हा काकांनी एक विषय काढला आणि फराळ संपला तरी तो काही संपला नाही. मुंबईत आल्यावर पहिलं जेवण कोण कुठे जेवलं, हा तो विषय.

आमचे आजोबा १९३८ साली राजापूरकडून बोटीने मुंबईत आले. वय सोळा. जवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि गिरगावातल्या एका खाणावळीचा पत्ता. नोकरी नव्हती, राहायची जागा नव्हती, पण जेवायची जागा ठरलेली होती. ती ठरली म्हणूनच पणजीने त्यांना पाठवलं, असं काका सांगतात. "पोर उपाशी राहणार नाही आणि बाटणारही नाही," एवढी तिची खात्री पटली होती. पुढे सात वर्षं आजोबा त्याच पंगतीत जेवले. महिन्याचे पैसे आगाऊ, खाडे वहीत मांडायचे, रविवारी फीस्ट, जादा वाटीचे पैसे वेगळे. लग्न ठरलं तेव्हा मुलाची चौकशी करायला आजीकडची माणसं खाणावळीच्या मालकाकडेच गेली होती म्हणे!

माझं हे वेड घरातूनच आलेलं आहे. जुनं उपाहारगृह दिसलं की माझी पावलं आपोआप वळतात. संगमरवरी टेबल, भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, वाढप्याची खास आरोळी, फळ्यावर खडूने लिहिलेला 'आजचा पदार्थ'. माटुंग्याला रामा नायक यांचं १९४२ सालचं उडुपी बोर्डिंग, तिथलं केळीच्या पानावरचं जेवण. धोबीतलावचं १९०४ सालचं कयानी. डेक्कनचं १९३५ सालचं गुडलक. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम आता नाही, पण तिथल्या माशाच्या ताटाबद्दल आणि तिथल्या मालकांच्या मिजाशीबद्दल ऐकायला मला अजून आवडतं. अशा जागांवर मी इथे पूर्वी बरंच लिहिलं आहे, आणि तुम्ही मंडळींनी ते गोडही मानून घेतलं आहे. तेव्हा आज जे लिहितोय ते माझ्याच जुन्या लिखाणाबद्दलची थोडी तक्रार आहे, असं समजा.

झालं असं. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मित्राला घेऊन मी दादरला मामा काणे यांच्याकडे गेलो होतो. १९१० सालचं हे 'स्वच्छ उपाहारगृह'. बटाटेवडा खाल्ला, पियूष प्यायलो. बाहेर पडल्यावर फुटपाथवर उभं राहून मी माझं नेहमीचं व्याख्यान सुरू केलं. नव्या शहरात आलेल्या परक्या माणसाला या जागांनी कसा आधार दिला, प्रवाशाला घरचं अन्न कसं दिलं वगैरे वगैरे. बोलण्याच्या ओघात हेही सांगितलं, की त्या काळी मुंबई-पुण्यात अशा पाट्यांवर 'दक्षिणी ब्राह्मणाचे' असं लिहायची सर्रास पद्धत होती. मला ती गंमत वाटत होती. जुन्या जाहिराती बघताना वाटते तशी.

मित्र म्हणाला, "मग त्या पाट्यांवरचं 'स्वच्छ' म्हणजे नेमकं काय रे?"

मी म्हटलं, "म्हणजे... स्वच्छ. झुरळं वगैरे नसलेलं."

तो हसला. म्हणाला, "माझे आजोबा पण साधारण त्याच वर्षांत मुंबईला आले. सातारच्या बाजूने. ते कुठे जेवले असतील पहिल्या दिवशी?"

तो चिडलेला नव्हता. खरं तर वडा त्याला आवडला होता, आईसाठी त्याने दोन प्लेट बांधूनही घेतले होते. पण लोकल येईपर्यंत मला काही सुचलं नाही. आणि अजूनही नीट सुचलंय असं नाही.

'स्वच्छ' या शब्दाला तेव्हा दोन अर्थ होते आणि गिऱ्हाइकाला दोन्ही कळत होते. एक झाडूचा आणि एक सोवळ्याचा. पणजीला हवा होता तो दुसरा. आता यात त्या उपाहारगृहवाल्यांना सरसकट दोष द्यायलाही मी तयार नाही, कारण त्यांच्या काळात त्यांनी केलं ते थोडं धाडसाचंच होतं. लक्षात घ्या, १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्या माणसांवर केवढं ग्रामण्य झालं! एका कपाने प्रायश्चित्ताची वेळ आणली. त्यानंतर वीसच वर्षांनी दादरसारख्या ठिकाणी भर रस्त्यावर टेबल मांडून, पैसे घेऊन, अनोळखी माणसांना शेजारी शेजारी बसवून खायला घालणं ही काही लहान गोष्ट नव्हती. पाटीवर जात लिहिली ती गिऱ्हाइकाची भीती घालवायला. आणि त्याच टिळकांनी शेवटचा श्वास घेतला तो १ ऑगस्ट १९२० रोजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, म्हणजे मुंबईच्या मुक्कामात ते जिथे उतरत त्या लॉजमध्ये. तीस वर्षांत आपला समाज कुठून कुठे सरकला होता ते यावरून कळतं.

पण सरकला तो कुणासाठी, हा मित्राचा प्रश्न होता.

गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलं आहे. वरसईचा एक गरीब भिक्षुक, सत्तावनच्या बंडाच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात जातो, झाशीला राहतो, लुटला जातो, पण परत येतो. हे पुस्तक मला फार प्रिय आहे. त्यात एक गोष्ट इतकी गृहीत आहे की वाचताना आपल्या ध्यानातही येत नाही. या माणसाला मुलूख परका असला, तरी वाटेवर ओटा, धर्मशाळा, अन्नछत्र, कुणा गृहस्थाचं घर यांपैकी काहीतरी मिळण्याची आशा कायम असते. पैशाची अडचण येते, जिवाची येते. पण विहिरीवर गेलं तर पाणी मिळेल की नाही असा प्रश्न त्याला पडत नाही. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या धर्मशाळा, घाट, अन्नछत्रं यांचं कौतुक आपण करतो ते योग्यच आहे. प्रवाशाची सोय म्हणजे पुण्य, ही आपल्याकडची खरोखर मोठी कल्पना आहे.

आता दुसरा प्रवास. साल १९०१. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर चार पोरं आगगाडीतून उतरली. त्यातला एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव. वडील गोरेगावला दुष्काळी कामावर कॅशियर होते, त्यांच्याकडे सुट्टीत निघाली होती. अंगावर नवे सदरे, रेशीमकाठी धोतरं, डोक्यावर जरीच्या टोप्या. पत्र नोकराच्या हाती पोचलं होतं, पण त्याने ते वडिलांना दिलंच नाही, म्हणून न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली आणि मुलं महार आहेत हे कळताच तो मागे सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असा सौदा झाला. रात्र पडली. जकात नाक्यावर मुक्काम. डबे भरलेले होते. पण पाणी कुणी देईना. आपण मुसलमान आहोत असं सांगून पाहिलं तरी नाकेदाराने दिलं नाही. भरलेला डबा शेजारी ठेवून पोरं उपाशी झोपली.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आंबेडकरांच्या छोट्याशा आत्मकथनात हे आहे. ते १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापलं. तासाभरात वाचून होईल एवढंच आहे. मी ते या मित्राच्या प्रश्नानंतर वाचलं, म्हणजे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. शाळेत 'चवदार तळे' एका परिच्छेदात झालं होतं, पाच मार्कांना. असो.

त्याच पुस्तकात बडोद्याचा किस्सा आहे, आणि माझ्यासारख्या जुन्या लॉजांच्या आणि इराण्यांच्या प्रेमिकाला तो जास्त टोचतो. १९१७ साली आंबेडकर कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याला नोकरीला आले. हिंदूंच्या हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होतं. म्हणून पारशांच्या एका उतारशाळेत गेले. तिथे फक्त पारशांनाच जागा. खाली राहणारा म्हातारा रखवालदार अडून बसला आणि मग तडजोड अशी निघाली, की वहीत पारशी नाव लिहायचं. दिवसाला दीड रुपया. वरच्या मोठ्या मजल्यावर ते एकटेच. संध्याकाळी ऑफिसातून आलं की कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचत बसायचे. हे चाललं दहा दिवस. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिन्यात उभे. आमची जागा बाटवलीस म्हणाले. संध्याकाळपर्यंत निघ म्हणाले. मग एका हिंदू मित्राकडे, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून झालं, दोघांनीही आडवळणाने नाही म्हटलं, आणि रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. आज तिथे संकल्पभूमी आहे.

इराण्याच्या हॉटेलात कोणी जात विचारत नसे, असं आपण नेहमी म्हणतो. बऱ्याच प्रमाणात ते खरंही असावं. मित्राच्या घरात सुद्धा आजोबांची इराण्याकडच्या चहाची आठवण सांगतात. कोपऱ्यावरचं दुकान, दोन्हीकडून उघडी दारं, पैसे टाका आणि बसा. पण बडोद्याचं वाचल्यावर 'अमके लोक उदार, तमके कर्मठ' असं घाऊक बोलायला जीभ रेटत नाही. दार उघडं की बंद हे त्या त्या गल्ल्यावर बसलेल्या माणसावर आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकावर असायचं.

आणि म्हणूनच मला ज्या हॉटेलबद्दल खरं तर आधी लिहायला हवं होतं ते कोल्हापूरचं. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान टाकलं, 'सत्यसुधारक हॉटेल'. दुकान चकाचक. चहा उत्तम. गिऱ्हाईक नाही. मग महाराजांची गाडी त्या दुकानासमोर थांबायला लागली. गाडीतूनच हाक मारायची, गंगाराम, चहा आण! स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजायचा. कुणाला अर्जावर सही हवी असेल तर त्यानेही आधी चहा घ्यायचा. पिणाऱ्यांचे चेहरे काय झाले असतील याची कल्पना करून मला आजही हसू येतं.

यात मला आवडतो तो त्यातला व्यवहार. नुसता हुकूम काढून भागलं नसतं. हुकूमही निघाले, १९१९ साली शाहूंनी संस्थानातल्या सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले केले. पण हॉटेल चालतं ते गिऱ्हाइकावर, हे त्यांना बरोबर कळलं होतं. राजा स्वतः गिऱ्हाईक झाला.

इंग्रजी मुलखात ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा. पाणवठ्यांच्या बरोबरीने धर्मशाळा हा शब्द त्यात आहे, हे मी आधी कधी नीट वाचलंच नव्हतं. खासगी उपाहारगृहांबद्दल अर्थात काही नाही. या ठरावाचं काय झालं ते महाडने दाखवलं. मार्च १९२७ च्या परिषदेला आलेल्या हजारो लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. आंबेडकरांचा मुक्काम सरकारी डाक बंगल्यात. तळ्यावर पाणी पिऊन परतलेल्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. त्या रात्री महाडमधली 'प्रवाशांची सोय' ती एवढीच.

पंढरपूरचंही तसंच. गाडगेबाबांनी तिथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, कारण वारी करून आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा नव्हती. ज्या चोखोबाला देवळाच्या बाहेरच ठेवलं, त्याच्याच नावाने छप्पर! पुढे १९४९ साली ती त्यांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बाबांच्या नावाची धर्मशाळा आज दादरलाही आहे, टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटसाठी. या शहरातल्या जुन्या खाद्य-वारशाच्या सहलींमध्ये तिथे कोणी थांबत नाही. का थांबावं? तिथे वडा मिळत नाही.

आणि मग १९५०. आपल्या संविधानाचं पंधरावं कलम कधी सावकाश वाचा. त्यात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन उल्लेख आहे, आणि लगेच पुढे विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. देशाच्या सर्वोच्च कायद्यात हॉटेल हा शब्द यावा! मला पूर्वी हे थोडं बारकं वाटायचं. आता मसूरचा डबा आणि बडोद्याचा जिना आठवतो.

तर माझं म्हणणं काय? जुन्या पाट्या काढा असं मी म्हणत नाही. असल्या तर राहू द्याव्यात, उलट नीट जपाव्यात. बहिष्कार वगैरे तर मुळीच नाही, मी पुढच्या आठवड्यातही वडा खायला जाणार आहे. म्हणणं एवढंच, की 'शंभर वर्षांपासून प्रवाशांच्या सेवेत' असं वाक्य आपण लिहितो (मी दोनदा लिहिलं आहे, शोधून पाहिलं) तेव्हा ते खोटं असतं. निदान अर्धं खोटं. शंभरातली पहिली कित्येक वर्षं ती काही प्रवाशांच्या सेवेत होती. अशा जागांचा इतिहास लिहायचा तर चटणीची कृती आणि संस्थापकांचा फोटो याबरोबर दार कुणासाठी कधी उघडलं हेही लिहायला हवं. मालकांच्या आजच्या पिढीने ते मोकळेपणी सांगितलं तर त्यांचा मान कमी होणार नाही. मला तर वाटतं वाढेल.

आमच्या आत्याला हे पटलेलं नाही. "तेव्हा सगळीकडेच तसं होतं, आता उकरून काय मिळणार?" असं तिचं म्हणणं. आत्या, तू हे वाचणार हे माहीत आहे, म्हणून इथेच सांगतो. उकरायला फार खोल जावं लागत नाही गं. दहा-बारा वर्षांपूर्वी एका तीर्थक्षेत्री आम्ही रात्री अकरा वाजता पोचलो. सगळं फुल्ल. एका भक्तनिवासातल्या माणसाने आधी मान हलवली, मग विचारलं, "आडनाव काय?" सांगितलं. त्याने दोन सेकंद माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून किल्ली काढली. बायको दमलेली, मुलगी खांद्यावर झोपलेली. मी किल्ली घेतली. वर जाताना त्याला चांगलं जेवण कुठे मिळेल तेही विचारलं. आमच्यामागे जे कुटुंब रांगेत होतं त्यांचं आडनाव काय होतं मला माहीत नाही, आणि त्यांना खोली मिळाली की नाही हेही. सकाळी तो सगळा प्रकार मी 'नशीब बलवत्तर' म्हणून घरी फोनवर सांगितला होता. तुलाच सांगितला होता.

मागच्या मे महिन्यात मित्र आणि मी, दोघांची कुटुंबं मिळून कोकणात गेलो. महाडला जेवायला थांबलो. बरं हॉटेल होतं, सोलकढी चांगली होती. जेवण झाल्यावर मुलांना घेऊन चवदार तळ्यावर गेलो, पायऱ्यांवर बसलो. परत गाडीकडे येताना मित्राने डिकी उघडली तर आत घरून भरून आणलेल्या पाण्याच्या आठ बाटल्या. मी हसलो. म्हटलं, हॉटेलात एवढं पाणी मिळतं की रे, हे ओझं कशाला?

तो म्हणाला, "सवय आहे आमच्याकडे. आजोबा कुठेही निघाले की तांब्या भरून घ्यायचे. बाबा पण तसेच. आम्हाला वाटायचं त्यांना बाहेरचं पाणी बाधतं."

मग त्याने एक बाटली माझ्या मुलीला दिली आणि आम्ही पुढे निघालो.